साक्षीदाराला अपील नाही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी अमरावतीच्या कापूसबाजारातल्या एका दलालाकडे बोट दाखवतो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ते एकदा एका सरकारी कागदावर चढलं होतं आणि त्याचा त्रास त्यांनी पुष्कळ भोगला. मी त्यांना चाचा म्हणत असे, तेवढं पुरे. मूळचे अकोल्याच्या जुन्या शहरातले मुसलमान, मेंदी लावलेली दाढी, अंगात पांढरा अंगरखा, आणि आवाज असा की परकोटाच्या दरवाज्यात त्यांनी कोणाला हाक मारली तर बंडीचे बैलसुद्धा माना वळवत.

माझे वडील भातकुलीकडचे शेतकरी. काळी जमीन, घरचे बैल, आणि अक्षराशी कोणाचाच संबंध नाही. दर हंगामात ते कापूस घेऊन अमरावतीला येत आणि चाचांच्याच हातून विकत. एका वर्षी मी बरोबर होतो. गासड्यांवर रंगाने काढलेली अक्षरं मी मोठ्याने वाचत सुटलो. गावच्या पंतोजींनी तेवढं शिकवलं होतं.

चाचा वडिलांना म्हणाले, "हे पोट्टं तू बैलामागं घालवून राहिला का? ठेव याले इथं. सरकारी शाळा आहे."

"राहीन कुठं थे? आन् खाईन काय? तुमच्या घरचं त आमाले चालत नाही, चाचा."

"माझ्या घरचं खाऊ दे असं कोन म्हणते तुले? शेजारी तुमच्याच जातीची बुढी आहे. शिधा माझा, चूल तिची. आता बोल, दुसरं काय अडते?"

वडील रिकामी बंडी घेऊन गावी गेले. मी अमरावतीला राहिलो. शाळा संपली तशी चाचांनी मला मुंबईला पाठवलं. तिथे मी पदवी घेतली. आमच्या घराण्यात तोवर कोणी स्वतःची सहीसुद्धा केली नव्हती.

आता बाजाराची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आपला रुमाल विकणाऱ्याच्या हातावर टाकी आणि त्याखाली दोघांची बोटं भाव ठरवत. मग तोच रुमाल घेणाऱ्याच्या हातावर जाई. भोवती कितीही गर्दी असली तरी कोणाला काही दिसत नसे. चेहरे कोरे, तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा. दोन्हीकडचं जुळलं की दलाल मनगट दाबी, समोरच्याने उलट दाबलं की सौदा पक्का. लिखापढी नंतर व्हायची, कधी व्हायचीही नाही. मनगट दाबून माणूस फिरला, असं माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

मी मुंबईत शिकत असताना तिकडे अमेरिकेत भाऊबंदकीची लढाई जुंपली. तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि सगळ्या जगाचं लक्ष आमच्या पऱ्हाटीवर आलं. भाव असे चढले की सकाळी विकणारा संध्याकाळी कपाळ बडवी. नांदगाव पेठेकडे मोठी जमीन असलेला एक देशमुख होता. समोर असताना मी त्याला अहोजाहो करीत असे. इथे करण्याचं कारण नाही. त्याने तेजीच्या पैशांत मुंबईहून बग्गी मागवली होती. ती पहिल्याच पावसाळ्यात काळ्या चिखलात रुतली आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या, म्हणून लोक हसत. तेवढ्यावर राहिलं असतं तर मीही हसून सोडून दिलं असतं.

या देशमुखाने आपला सगळा कापूस मुंबईच्या एका पेढीच्या गुमास्त्याला विकला. मधले दलाल चाचा. रुमाल पडला, मनगटं दाबली गेली. माल उचलायच्या आत भाव चढला आणि देशमुख म्हणाला, "सौदा झालाच नाही. बोलणं चाललं होतं. मनगट मी दाबलं नाही."

गुमास्त्याने फिर्याद केली. साक्षीदार एकटे चाचा, कारण रुमालाखालचं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? न्याय देणारे मुन्सफ वऱ्हाडात नवे आले होते. त्यांना ही सगळी रीतच चोरटी वाटली. झाकून करायचा तो व्यवहार कसला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दावा काढून टाकला आणि निकालात लिहिलं : "हा दलाल आपले दलालीचे लोभाने खोटे बोलतो. याचे शब्दावर कोणी भरवसा ठेवू नये."

गुमास्त्याने पुढे काय केलं? काही नाही. तो देशमुखाच्या ओसरीवर गेला, पान खाल्लं आणि तोच कापूस चढ्या भावाने घेतला. मुंबईत भाव त्याहून चढा होता, त्याला काय फरक पडतो? फिर्यादी खूश, देशमुख खूश. राहिले ते चाचा आणि ती निकालातली ओळ.

बाजारातल्या दलालांचे पंच बसले. ज्याचा शब्द कचेरीत पडला त्याच्या रुमालाखाली कोणी हात घालायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. चाचा खोटं बोलले असं त्यांच्यातल्या एकालाही वाटत नव्हतं, हे मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. पण भरभराटीच्या दिवसांत सरकारी कागदाशी वैर कोण घेणार? शिवाय एक दलाल कमी झाला की त्याची गिऱ्हाइकं इतरांत वाटली जातात. त्यांनी ती वाटून घेतली.

मला हे कोणी कळवलं नाही. चाचांनी मुद्दाम कळवू दिलं नाही, परीक्षा तोंडावर होती म्हणून. पदवी घेऊन आलो तो थेट अमरावतीच्या बाजारात गेलो. त्यांची जागा दुसऱ्याने घेतली होती. तो म्हणाला, "चाचा अकोल्याले गेले." आणि मान फिरवली.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, चाचा सरकी विकत बसले होते. ज्याने बाजारातला सर्वांत उंची कापूस नुसत्या हाताच्या स्पर्शाने ओळखला, तो माणूस आता कापूस काढून घेतल्यावर मागे राहतं ते बी टोपलीने मापून देत होता.

"आलास? बस त्या पोत्यावर. खुर्ची नाही."

"चाचा, हे काय?"

"सरकी. म्हशी खातात. म्हशीचं एक बरं आहे बेटा, थे मुन्सफाले इचारून खात नाहीत."

मी पदवीच्या पेढ्यांचा पुडा हातात धरून तसाच उभा होतो. त्यांनी मला सगळं सांगितलं, मधूनमधून गिऱ्हाईक आटपत. आवाज चढवला नाही. शेवटी मी म्हणालो, "मी अपील करतो. वरच्या कचेरीत जातो."

"कर ना. कायले शिकवलं मग?"

अकोल्यात पुण्याकडचे एक वृद्ध वकील होते. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, तपकीर ओढली आणि हसले. "अहो पदवीधर, अपील कोणाचं करता? फिर्यादी हरला तर त्याला अपील आहे. प्रतिवादी हरला तर त्याला आहे. साक्षीदार हरत नसतो, तो नुसता खोटा ठरतो. त्याला अपील कुठलं?"

"मग त्याने काय करायचं?"

"घरी जायचं."

त्या दिवशी मी ठरवलं की आपण वकील व्हायचं आणि फक्त अपिलं चालवायची. लोकांना मी कारणं वेगवेगळी सांगितली. खरं कारण देशमुख.

वऱ्हाडात तेव्हा हायकोर्ट नव्हतं. शेवटचं अपील इंग्रज न्यायाधीश, म्हणजे साहेब, ऐकत, कधी अमरावतीला, कधी अकोल्याला, आणि आमचे शेतकरी त्या कचेरीला सरसकट 'मोठी कचेरी' म्हणत. तिथे साक्षीदार उभे राहत नसत. खालच्या कचेरीत जे बोललं गेलं ते कागदावर आलेलं असे आणि त्या कागदांचा गठ्ठा, म्हणजे मिसल, एवढाच काय तो आमचा माल. खाली वकील ओरडत, टेबलावर हात आपटत. वर साहेबांपुढे ओरडून उपयोग नसे. कोणत्या पानावर माणूस काय म्हणाला आणि पुढच्या पानावर त्याच्या उलट काय म्हणाला, हे शांतपणे दाखवावं लागे. मला ते काम मनापासून आवडलं. ज्याच्यावर राग आहे त्याचे जुने शब्द जपून ठेवायचे आणि वेळ आली की त्याच्यापुढे मांडायचे, याच कामाचे लोक मला पैसे देत होते.

देशमुखाविरुद्ध खाली हरलेला प्रत्येक माणूस मी शोधून काढला. बांध सरकवला म्हणून रडणारा शेजारी. विहिरीच्या पाण्याची पाळी बंद झालेला एक माळी. वाटणीतून उडवलेली चुलत घराण्यातली विधवा. मी त्यांच्या दारात स्वतः जाऊन सांगितलं, "अपील करा, मला काही देऊ नका." बांध मागे गेला. पाण्याची पाळी परत मिळाली. विधवेला तिचा वाटा मिळाला तेव्हा ती माझ्या पाया पडू लागली. मी तिला उठवलं आणि म्हणालो की तुमचा उपकार माझ्यावर आहे. तिला वाटलं मी विनयाने बोलतो आहे.

मी अगदी खरं बोलत होतो. दर निकालानंतर देशमुख कचेरीच्या पायऱ्या उतरत असे तेव्हा मी वर उभा राहून पाहत असे. मला त्यात आनंद होई, आणि तो आजही ओसरलेला नाही. पण दर खेपेस अकोल्याला जाऊन चाचांना सांगितलं की ते मान हलवत आणि म्हणत, "बरं झालं त्या बाईचं." मग जरा थांबून, "आपलं काही झालं नाही अजून."

आपलं काही होत नव्हतं, हे मलाही दिसत होतं. देशमुखाची जमीन कमी होत होती, पण निकालातली ती ओळ जशीच्या तशी होती.

मग अमेरिकेतली लढाई संपली. तिकडचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि इकडचा भाव विहिरीत धोंडा पडावा तसा पडला. या खेपेला देशमुखाने अकोल्याच्या एका व्यापाऱ्याशी सौदा केला होता, तेजी होती तेव्हा, दुसऱ्याच एका दलालाच्या रुमालाखाली. माल द्यायच्या वेळी भाव कोसळलेला. आता व्यापारी म्हणाला, "सौदा झालाच नाही. मनगट मी दाबलं नाही."

देशमुखाने फिर्याद केली आणि तो हरला. मुन्सफ तेच. त्यांनी तेच लिहिलं : झाकलेल्या हाताचा व्यवहार कचेरी मानत नाही, मधला दलाल लोभी, त्याचा शब्द कामाचा नाही.

आणि देशमुख अपील घेऊन आला तो माझ्या दारात.

"वकीलसाहेब, तुमच्या हातचा लय मार खाल्ला मी," तो ओसरीवर बसत म्हणाला. "मंग इचार केला, मारणाराच आपल्याकडून उभा केला त कसं?"

"दुसरे वकील आहेत ना अमरावतीत."

"आहेत. सगळ्याईले इचारलं. म्हणतात, मोठ्या कचेरीचं त्यालेच कळते. तुमचा माझ्यावर काहून राग आहे मले माहीत नाही. असन काही. पण पैशाले राग नसते."

त्याला माहीत नव्हतं! माझा चाचांशी काय संबंध, हे विचारायची त्याला कधी गरज पडली नव्हती. ज्या माणसाला त्याने बाजारातून उठवलं तो त्याच्या लक्षातही राहिला नव्हता. मला वाटतं, त्या घटकेला मी त्याचा जितका द्वेष केला तितका आधी कधी केला नव्हता.

मी कागद ठेवून घेतले आणि उद्या सांगतो म्हणालो. पहिला विचार सोपा होता. व्यापाऱ्याकडे जायचं, त्याचं वकीलपत्र घ्यायचं, आणि साहेबांपुढे जुन्या दाव्यातली देशमुखाची लेखी कैफियत ठेवायची : पाहा, हाच माणूस एकदा म्हणाला होता की रुमालाखालचा सौदा सौदाच नव्हे. तो तिथेच मेला असता. पेंढीला विस्तव लावावा इतकं सोपं होतं.

पण कागद पुन्हा वाचले आणि मी थंड पडलो. देशमुख हरला तर मोठ्या कचेरीचा शिक्का कोणत्या गोष्टीवर बसणार? रुमालाखालचा सौदा खोटा आणि मधला दलाल लोभी, यावर. जी ओळ मला पुसायची होती ती मीच वरच्या कचेरीतून कायम करून आणणार होतो. चाचा खरे ठरायचे तर ती रीत खरी ठरायला हवी. आणि रीत खरी ठरायची तर हा देशमुख जिंकायला हवा. त्याचं नुकसान भरून निघायला हवं, माझ्या हाताने.

मी तो निर्णय एकट्याने घेऊ शकत नव्हतो. नव्या आगगाडीने अकोल्याला गेलो आणि चाचांना दोन्ही बाजू सांगितल्या. त्यांनी टोपली खाली ठेवली.

"म्हंजे थ्याले पैसे मिळतीन?"

"सगळे मिळतील. भाव पडायच्या आधीचे."

"आन् मी खरा ठरीन."

"ठराल. पण एक अडचण आहे. समोरचा वकील तुमच्या वेळचा निकाल पुढे करणार. त्यावर देशमुखाला उत्तर द्यावं लागेल. आणि त्याला एकच उत्तर आहे. तेव्हा आपण खोटं बोललो, असं त्याला म्हणावं लागेल."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. मग हसले. बाजार सोडल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"स्वतःच्या तोंडानं?"

"स्वतःच्या तोंडाने. भर कचेरीत."

"मंग घे थ्याचं काम. चांगलं कर. कमी नको करू कुठं."

शेजारचा रंगारी ऐकत होता. तो म्हणाला, "जाऊ द्या ना चाचा, माफ करा. अल्ला पाहून राहिला वरून."

"पाहू दे," चाचा म्हणाले. "माफ करणारा अल्ला आहे. मी दलाल आहे."

देशमुखाला मी सगळं स्वच्छ सांगितलं. सूड घ्यायला खोटं बोलावं लागतंच असं नाही. माझ्या बाबतीत तर खरं बोलणंच पुरेसं होतं. मी म्हणालो, समोरचे लोक तुमचा जुना निकाल आणणार आहेत, त्यांनी नक्कल घेतली आहे. ती कैफियत खरी धरली तर आजचा तुमचा दावा बुडाला. ती खोटी होती असं कबूल केलंत तर तुम्ही जिंकाल. तेव्हा शपथेवर बोलला नव्हतात, नुसती कैफियत होती, म्हणून तुरुंगाचं भय मला दिसत नाही. लाज वाटेल, तिला माझ्याकडे उपाय नाही.

तो उठला, ओसरीवर फेऱ्या घालू लागला. "'तवा नीट ध्यानात नव्हतं,' असं लिहा ना."

"साहेब हसतील."

"'गैरसमज झाला.'"

"मनगट दाबण्यात गैरसमज कसा होतो, ते विचारतील."

"मंग काय लिहू म्हणता?"

मी आधीच लिहून ठेवलं होतं. वाचून दाखवलं : "तो सौदा पक्का झाला होता. मी मनगट दाबले होते. दलाल खरे बोलला. भाव चढला म्हणून मी नाकबूल झालो."

"कोण होता हो थो दलाल? कोनी चाचा-बिचा होता वाटते."

"होय. चाचाच."

"एका मियाँसाठी एवढं..." तो म्हणाला आणि त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर गेली. मला वाटतं तेव्हा त्याला पहिल्यांदा काहीतरी कळलं. त्याने कागद माझ्या हातून घेतला, परत ठेवला, बाहेर गेला, अंगणात थुंकला, आत आला. त्याची दोन शेतं आधीच गेली होती, घरात लग्न ठरलेलं होतं. मला हे सगळं माहीत होतं, कारण ती शेतं मीच घालवली होती. त्याने सही केली.

मी ते अपील आयुष्यातल्या कुठल्याही अपिलापेक्षा मन लावून चालवलं. बाजारातल्या रीतीबद्दल खालच्या मिसलीत जे जे आलं होतं ते वेचून काढलं. पिढ्यान्‌पिढ्या हजारो मनगटांवर हा व्यापार चालला आहे, आणि तो कोणी लुटारूंनी चालवलेला नाही, हे साहेबांना पटेल अशा शब्दांत मांडलं. देशमुख शेजारी बसलेला असे. माझं बोलणं ऐकून तो खूश होई आणि लगेच पुढे काय यायचं आहे ते आठवून मान खाली घाली. मला ते दोन्ही दिसत असे.

चाचा अमरावतीला यायला तयार नव्हते. ज्या बाजाराने मला उठवलं त्याने बोलावल्याशिवाय त्याच्या वेशीत मी पाय ठेवणार नाही, म्हणाले. म्हणून निकाल झाला त्या दिवशी मी त्यांना पत्र लिहिलं. त्याची नक्कल ठेवली होती, ती अशी :

तीर्थस्वरूप चाचा यांस, सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

हे पत्र ज्याच्याकडून वाचून घ्याल त्याला मोठ्याने वाचायला सांगा. गल्लीला ऐकू गेलं तर चांगलंच.

आज निकाल झाला. देशमुख जिंकला. त्याला सगळं मिळालं. आता पुढचं ऐका.

कचेरी भरली होती. रुमालाचं काय होणार म्हणून बाजारातले सगळे दलाल आले होते, तुम्हाला उठवणारे पंचही. देशमुखाची इच्छा होती की कबुलीचा कागद नुसता मिसलीत घालावा. मी उठून विनंती केली की तो वाचला जावा. शिरस्तेदारांनी वाचला. "दलाल खरे बोलला" इथे साहेबांनी त्यांना थांबवलं आणि देशमुखाला विचारलं, हे तुझं स्वतःचं म्हणणं आहे काय? तो पुटपुटला. साहेबांनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा पुटपुटला. तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "देशमुखसाहेब, जरा जोरानं होऊ द्या, इकडं मागं आयकू येऊन नाही राहिलं." सगळे हसले. चपराशी धावला, पण हसणारे खूप होते. मग तो ओरडला, "खरं बोलला! दलाल खरं बोलला म्हन्तो ना मी!" शिरस्तेदारांनी ते तसंच लिहून घेतलं, 'म्हन्तो ना'सकट. तो बसला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते आणि फेट्याखालून घाम गळ्यापर्यंत आला होता. तो त्याने पुसला नाही. बहुतेक हात वर करायचीही लाज वाटली असावी.

साहेबांनी निकालात लिहिलं आहे : "पूर्वीचे मुकदम्यात ज्या दलालास खोटे म्हटले तो खरे बोलला होता, हे ज्याचे फायद्याकरिता तसे म्हटले त्याचेच कबुलीवरून आज सिद्ध आहे. ते शब्द गैर होते, ते कोणी त्याचेविरुद्ध वाचू नयेत." नक्कल सोबत पाठवली आहे. शिक्का पाहून घ्या. साक्षीदाराला अपील नसतं म्हणतात. तुमचं झालं, आणि त्याचा खर्च देशमुखाने दिला.

जिंकल्याचे पेढे त्याने कचेरीबाहेर वाटायला आणले होते. कोणी घेतले नाहीत. त्याच्या भाच्याने टोपली तशीच, चिखलातून काढलेल्या त्या बग्गीत ठेवली. दुपारी त्याच्या नव्या मालाच्या बंड्या बाजारात उभ्या होत्या. एकाही दलालाने त्याच्यापुढे रुमाल काढला नाही. जो माणूस स्वतःच सांगतो की भाव चढला की मी फिरतो, त्याचं मनगट कोण धरणार? बंड्या नांदगावकडे परत गेल्या. मी तोवर तिथेच उभा होतो. घरी जेवण वाट पाहत होतं, तरी हललो नाही.

आता महत्त्वाचं. पंच तुम्हाला परत न्यायला येणार आहेत. मला विचारायला आले होते, अकोल्याला कसं जावं, चाचा रागावले आहेत काय. मी सांगितलं, चाचांना राग ठाऊकच नाही, निर्धास्त जा. तुम्ही इतक्यात हो म्हणू नका. आधी गिऱ्हाईक आटपा. मग त्यांच्याकडून त्यांनी केलेला ठराव त्यांच्याच तोंडून म्हणवून घ्या, कोणी काय म्हणालं होतं ते एकेकाकडून. घाई कराल तर माझी शपथ आहे. उन्हं इकडे फार तापली आहेत आणि तुमच्या गल्लीत सावली नाही, म्हणून मी त्यांना भर दुपारी पोचणारी गाडी सांगितली आहे.

आपण शिकवलेला,
वकील